चेंडू दिला, कर्णधारपद नाकारले!

एकदिवसीय सामन्यांसाठी भारताचा संघ जाहीर झाला की देशातला प्रत्येक माणूस निवड समितीचा सदस्य होतो. सलामीला कोण, मधल्या फळीत कोण, शेवटच्या दहा षटकांत फटकेबाजी करायला कुणाला वर पाठवायचे, यावर चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत वाद झडतात. २०१९ च्या विश्वचषकाआधी तर चौथ्या क्रमांकावर कोण खेळणार हा जणू राष्ट्रीय प्रश्न झाला होता. अंबाती रायुडूला वगळून विजय शंकरला घेतले, उपांत्य सामन्यात न्यूझीलंडकडून आपण हरलो, आणि त्या चौथ्या क्रमांकाचे कवित्व पुढे कितीतरी दिवस चालू राहिले.

या सगळ्या वादात एक शब्द हमखास येतो. तो शब्द म्हणजे गुणवत्ता. खेळाच्या मैदानावर जात नसते, धर्म नसतो, धावा आणि बळी हेच काय ते चलन असते, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. राखीव जागांना विरोध करणारी मंडळी तर क्रिकेटचा दाखला हटकून देतात. अकरा जणांच्या संघात राखीव जागा ठेवाल काय, असा त्यांचा लाडका सवाल असतो. या सवालाचे उत्तर द्यायला पुस्तकी युक्तिवादाची गरज नाही. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज कोण आणि त्याला या गुणवत्तावाद्यांनी कसे वागवले, एवढे सांगितले तरी पुरे. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर. धावफलकावर ते पी. बाळू असे लागत असे.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. कुटुंब मूळचे कोकणातले, आडनाव पालवण या गावावरून आलेले. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच, हे वाचकांना ठाऊक आहे. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांना इंग्रजांच्या छावणीत निदान पगार मिळत होता आणि गावात न दिसणाऱ्या चार गोष्टी तिथे दिसत होत्या. त्या चार गोष्टींपैकी एक म्हणजे क्रिकेट. पालवणकर कुटुंब पुण्यात आले तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊ मागून आले. पुढे हे चौघेही हिंदू संघातून खेळले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू! असे घर भारतीय क्रिकेटमध्ये विरळाच.

पण सुरुवात खेळाडू म्हणून झाली नाही, मजूर म्हणून झाली. शाळा लवकर सुटली. घराला हातभार लावायला बाळू पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात कामाला लागले. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, वर जाळी उभारायची आणि टेनिसची मैदानेही राखायची. तिथल्या एका गोऱ्या सभासदाने या पोऱ्याला सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले आणि त्याच्या डाव्या हातातली करामत सगळ्यांच्या लक्षात आली.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. जे. जी. या आद्याक्षरांवरून लोकांनी त्याचे नाव जंगली करून टाकले होते. हा ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाद केले की तो बाळूंना आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, रोज तासन् तास गोलंदाजी करून बाळूंचा हात तयार झाला यात शंका नाही. डावखुरी फिरकी, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी, वेगात बदल, उंचीत बदल आणि दिवसभर एकाच जागी चेंडू टाकण्याची चिकाटी त्यांनी तिथे कमावली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. इंग्लंडमध्येही तेव्हा फलंदाजी हे सरदार-साहेबांचे काम आणि गोलंदाजी हे पगारी माणसाचे काम, अशीच विभागणी होती. भारतात आल्यावर त्या विभागणीला जातीचे अस्तर लागले. चेंडू टाकणे म्हणजे घाम गाळणे, बॅट फिरवणे म्हणजे शोभा मिरवणे. आज आपण फलंदाजीच्या क्रमावर वाद घालतो. एक नंबरला कोण आणि सात नंबरला कोण हा प्रश्न ज्याला जाळीत बॅट धरू दिली गेली त्याच्यापुरताच असतो. ज्याला ती धरूच दिली नाही तो कुठल्या क्रमांकावर येणार? बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीत ७५३ धावा आहेत. त्या त्यांनी सरावाशिवाय, खालच्या क्रमांकावर येऊन काढल्या, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्लब होता. गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे हे त्यांचे स्वप्न. गोऱ्यांच्या उत्तम फलंदाजाला रोज चकवणारा गोलंदाज आपल्याच शहरात आहे हे त्यांना समजले आणि मंडळींपुढे धर्मसंकट उभे राहिले. जिंकायचे तर बाळू हवा, आणि बाळूला घ्यायचे तर विटाळ होतो! बराच खल झाला. काही ब्राह्मण खेळाडू त्यांना घ्यावे या मताचे होते, काही विरोधात होते. शेवटी जिंकण्याची हौस सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आले.

संघात आले म्हणजे कुठपर्यंत आले? सीमारेषेच्या आतपर्यंत. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत होते, कारण त्याशिवाय खेळ होत नाही. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो तंबूबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. तोंड धुवायचे असेल तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर येई. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. ज्याच्या हातावर संघाची सगळी मदार, त्याच हाताचा स्पर्श कपाला चालत नव्हता! महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. तिथे प्रश्न पाण्याचा होता तसाच माणूस म्हणून समान हक्काचाही होता. तोच प्रश्न त्याआधी तीस वर्षे पुण्याच्या क्रिकेट मैदानावर एका मातीच्या भांड्याच्या रूपाने उभा होता. तो तेव्हा कुणी जाहीरपणे विचारला नाही एवढेच.

बाळूंनी पुण्याच्या हिंदूंना सामने जिंकून दिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला होता, असे सांगतात. खेळपट्टी कशी घोटतात हे ज्याने स्वतःच्या खांद्यांनी शिकून घेतले होते, त्याला असल्या युक्त्यांचे काय नवल! बाळूंनी तो सामना जिंकून दिला. विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचे कौतुक केले. सुधारकांचे हे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पण हार घालणे सोपे असते, रोजचा चहाचा कप पुढे करणे अवघड असते, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ च्या प्लेगने पुणे हवालदिल झाले. त्या सुमारास बाळू मुंबईला आले. मुंबईत हिंदूंचा परमानंददास जीवनदास जिमखाना १८९४ साली निघाला होता. तिथेही त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांचा विरोध झाला. कीर्तीकर नावाचे कर्णधार आग्रही राहिले म्हणून दार उघडले. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे आणि गोदी यांनी अस्पृश्य समाजाला गावगाड्यातून बाहेर पडायची वाट दिली. बाळूही त्याच वाटेने उभे राहिले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ वर आणि दुसरा १०२ वर संपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात ४१ धावांत ३ आणि दुसऱ्या डावात ३७ धावांत ५ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते. ज्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर रोलर फिरवला, त्या साहेबांच्या जातभाईंना बाळूंनी मुंबईत सर्वांसमक्ष लोळवले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते हे साऱ्या देशाने पाहिले. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकांच्या पत्राने या विजयाचा संबंध जातिबंधने सैल होण्याशी जोडला. पुण्यात बाळूंना फक्त खेळू देत होते, मुंबईत त्यांच्याबरोबर बसून जेवूही लागले, याची त्या पत्राने दखल घेतली.

म्हणजे प्रगती झालीच नाही असे कुणी म्हणू नये. झाली. मात्र ती कोणत्या कारणाने झाली हे पाहावे. ती शास्त्रातल्या पोथ्या वाचून झाली नाही. बाळूंशिवाय जिंकता येत नव्हते म्हणून झाली. युरोपियनांना हरवायला बाळू हिंदू होते, चहाला बसताना अस्पृश्य होते. हे सोयीचे हिंदुत्व तेव्हापासून चालत आले आहे आणि आजही निवडणुकीच्या तोंडावर आपण ते पाहतोच.

त्या काळी देशाचा असा संघ नव्हता, कसोटी सामने नव्हते. १९०७ पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन यांच्या तिरंगी स्पर्धा सुरू झाल्या. १९१२ मध्ये मुसलमान संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. धर्मावर आधारलेल्या या स्पर्धाच तेव्हाच्या क्रिकेटचे सर्वोच्च शिखर होत्या. त्यामुळे हिंदू संघाची निवड आणि त्याचे कर्णधारपद यांना आजच्या भारतीय संघाएवढे मोल होते.

१९११ मध्ये सर्व भारताचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग. ते कर्णधार का? तर ते महाराजा होते म्हणून. ते वर्ष पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचे. महाराज मेजवान्या आणि समारंभांत गुंतले, बहुतेक सामन्यांना ते नव्हतेच, आणि जाताना आपले चिटणीस असलेले मिस्त्री यांच्यासारखे उत्तम फलंदाजही त्यांनी बरोबर नेले. मागे राहिलेल्या संघाचा भार कुणी वाहिला? पस्तिशीच्या बाळूंनी. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी संघाने दोनच जिंकले, दहा हरले. अशा हरणाऱ्या संघातून खेळून बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, त्यातले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्ध सामना जिंकला तो त्यांच्या गोलंदाजीवर. सॉमरसेटवर एका गड्याने निसटता विजय मिळाला तो शिवरामच्या नाबाद शतकावर. म्हणजे पहिल्या भारतीय संघाच्या दोन विजयांत एका अस्पृश्य घरातल्या दोन भावांचा सिंहाचा वाटा होता. हे आपल्या किती शालेय पुस्तकांत आले?

बाळू इंग्लंडहून परतले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात मानपत्र देण्याचे काम कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाकडे होते. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेब तेव्हा पदवीधरही झाले नव्हते. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून येतो, ही गोष्ट त्या पिढीच्या तरुणांना किती उभारी देणारी असेल याची कल्पना आज करता येणार नाही.

एवढे कर्तृत्व झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यायला हवे होते. अनुभवात ज्येष्ठ, कामगिरीत सर्वश्रेष्ठ, दिवसभर गोलंदाजी करून प्रत्येक फलंदाजाची नस ओळखणारा माणूस! पण वर्षामागून वर्ष ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली खेळले. एम. डी. पै हे बरीच वर्षे कर्णधार होते. पै ब्राह्मण होते, पण सरळ मनाचे होते. हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतःच्याच सत्काराच्या सभेत सांगून टाकले. ज्याला खुर्ची मिळाली तोच म्हणतो की ही खुर्ची माझी नव्हे! याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मग अडचण काय होती? अडचण अशी की गोलंदाज हा हुकूम पाळतो आणि कर्णधार हुकूम देतो. कर्णधार क्षेत्ररचना ठरवतो, फलंदाजीचा क्रम ठरवतो, कुणी कुठे उभे राहायचे ते सांगतो. उच्चवर्णीय फलंदाजाला तू आज सहाव्या क्रमांकावर जा असे अस्पृश्याने सांगायचे आणि त्याने ते ऐकायचे, ही कल्पनाच निवड समितीला पचत नव्हती. कष्ट करायला अस्पृश्य चालतो, अधिकार गाजवायला चालत नाही. मैदानावरचा हा नियम आणि गावातला नियम यांत काही फरक दिसतो काय?

१९२० साली हा प्रश्न फुटला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले. बाळूंना संघातूनच वगळले होते. त्यांच्यामागून हक्क विठ्ठलचा. विठ्ठल हे तेव्हाच्या हिंदू संघातले अव्वल फलंदाज. पण कर्णधार म्हणून नेमणूक झाली पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांची. देवधर मोठे फलंदाज होते आणि पुढे त्यांनी महाराष्ट्राला रणजी करंडकही मिळवून दिला, हे मान्य करायलाच हवे. पण १९२० साली ते विठ्ठलपेक्षा कनिष्ठ होते. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. नुसता नकार देऊन गप्प बसले नाहीत, तर वर्तमानपत्रांत निवेदन देऊन आपल्याला जातीमुळे डावलले गेले आहे असे स्पष्ट सांगितले.

हे साल नीट पाहा. १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केला. मार्चमध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. मुका समाज बोलू लागल्याचे ते वर्ष. त्याच वर्षी दोन अस्पृश्य खेळाडूंनी छापील शब्दांत अन्यायाचे नाव घेतले. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. काळ बदलत होता आणि पालवणकर बंधूंना त्याची चाहूल लागली होती.

नकाराचा परिणाम लगेच दिसला. अंतिम सामना पारशांशी होता. तोवर पै बरे होऊन परतले, कर्णधारपद पुन्हा त्यांच्याकडे आले. दोन्ही भाऊ संघात परतले, आणि ज्या बाळूंना संघातून काढले होते त्यांना उपकर्णधार करण्यात आले. पै सामन्यात काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पंचवीस वर्षांच्या कष्टांचे मोल काय, तर काही तासांची कप्तानी! बाळूंची कारकीर्द त्यानंतर संपली. पण भावांनी लावलेला रेटा फुकट गेला नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत विठ्ठल कर्णधार असताना हिंदूंनी तीनदा ही स्पर्धा जिंकली. अस्पृश्य कर्णधार झाला म्हणून आभाळ कोसळले नाही, उलट ढाल घरी आली. विठ्ठलनी पुढे माझे क्रीडा जीवन हे आत्मचरित्र लिहिले, ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता बाळूंच्या आयुष्यातल्या त्या भागाकडे वळू, ज्यामुळे आपल्या चळवळीतही त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. संयुक्त मतदारसंघ मान्य करणाऱ्या एम. सी. राजा यांच्या गटात ते गेले. येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले, बाबासाहेबांवर चहूबाजूंनी दडपण आले आणि पुणे करार झाला. त्या करारावर बाळूंचीही सही आहे. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत भायखळा-परळ भागातून बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार दिला तो म्हणजे बाळू पालवणकर! बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

काँग्रेसचा डाव उघड होता. अस्पृश्यांचा नेता पाडायचा तर अस्पृश्यांचाच लाडका खेळाडू पुढे करायचा. ज्या उच्चवर्णीयांनी बाळूंना क्रिकेटमध्ये कर्णधार होऊ दिले नाही, त्याच थरातल्या पुढाऱ्यांनी त्यांना राजकारणात असे वापरून घेतले. बाळूंची ती भूमिका चुकीची होती, याबद्दल या स्तंभलेखकाच्या मनात किंतु नाही. ज्या समाजाने आपल्याला मातीच्या भांड्यात चहा दिला, तो प्रेमाने आणि कर्तबगारीने बदलेल असा त्यांचा विश्वास होता. मैदानावर काही अंशी तो खरा ठरल्यामुळे सगळीकडे खरा ठरेल असे त्यांना वाटले असावे. पण मैदानावर निवड समितीला सामना जिंकण्याची गरज होती. गावातल्या पाटलाला, मंदिरातल्या पुजाऱ्याला अशी कोणतीच गरज नव्हती. बाबासाहेबांनी हे ओळखले होते, बाळूंनी नाही.

तरीही तेवढ्यासाठी बाळूंना इतिहासातून पुसून टाकणे हा शहाणपणा नाही. १९३७ मध्ये त्यांना ११ हजारांहून अधिक मते पडली ती त्यांच्या चेंडूने कमावलेल्या प्रेमावर पडली. प्रस्थापितांनी त्यांना विसरावे यात नवल नाही, कारण त्यांची कहाणी सांगायची तर मातीच्या भांड्याची आठवण सांगावी लागते. आपण विसरलो तर मात्र तोटा आपलाच. राजकारणात चुकलेल्या माणसाचे कष्ट खोटे ठरत नाहीत आणि त्याच्यावर झालेला अन्यायही खोटा ठरत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी प्रत्येक बळीमागे १५.२१ धावा. आजही ही सरासरी पाहून जाणकार मान हलवतील. भारताला पहिली कसोटी खेळायला मिळाली ती १९३२ मध्ये. त्या दौऱ्यासाठी कर्णधार नेमले पोरबंदरच्या महाराजांना, प्रत्यक्ष कसोटीत नेतृत्व करावे लागले सी. के. नायडूंना. १९३६ मध्ये कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार. त्या दौऱ्यातून लाला अमरनाथसारख्या खेळाडूला मधूनच घरी धाडले. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. गादीवर जन्म घेतला म्हणून संस्थानिकांना कर्णधारपद मिळाले ही राखीव जागाच नव्हती काय? तिच्याविरुद्ध मोर्चे निघाल्याचे कुणाला आठवते काय?

२००१ मध्ये आलेल्या लगान चित्रपटात कचरा नावाचा अस्पृश्य फिरकी गोलंदाज आहे. तो पाहून अनेकांना बाळू आठवले. पण त्या कचराचा हात अधू आहे, त्याची फिरकी त्या अधू हातामुळे आपोआप होते, आणि त्याला संघात घेणारा नायक मोठ्या मनाचा ठरतो. बाळूंचा हात अधू नव्हता. तो रोज पहाटे मैदानावर घासून तयार केलेला हात होता. त्यांची कला ना अपघात होती ना कुणाची कृपा. अस्पृश्याच्या अंगी कौशल्य असू शकते आणि ते त्याने बुद्धीने कमावलेले असते, एवढे साधे सत्य पडद्यावर आणायलाही आपल्या कलावंतांना जड जाते, याला काय म्हणावे?

देशातल्या एकदिवसीय सामन्यांच्या एका स्पर्धेला देवधर करंडक हे नाव देण्यात आले. १९७३-७४ च्या हंगामात ती सुरू झाली. देवधरांच्या नावाला आक्षेप घेण्याचे कारण नाही, त्यांचा मान त्यांनी खेळून मिळवला. पण १९२० साली ज्यांना बाजूला सारून देवधरांना पुढे केले गेले, त्या पालवणकर बंधूंच्या नावाचा असाच एखादा राष्ट्रीय करंडक का नसावा, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. मुंबई आणि महाराष्ट्रातल्या क्रिकेट संघटनांपुढे हा प्रश्न बहुजन खेळाडूंनी आणि त्यांच्या मंडळांनी लेखी मांडला पाहिजे.

पुढच्या वेळी एकदिवसीय संघ जाहीर होईल तेव्हा चौथ्या क्रमांकावर कोण यावर जरूर वाद घाला. खेळावर प्रेम असणाऱ्यांनी तो घालावाच. पण त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारा. निवड समितीत कोण बसले आहे? आपल्या वस्तीतल्या मुलाला सरावासाठी जाळी मिळते काय? किटचा खर्च त्याच्या घराला झेपतो काय? दुसऱ्यांच्या सरावासाठी तासन् तास चेंडू टाकणाऱ्या पोराच्या हातात कुणी बॅट देते काय? पालवणकर बंधूंना चेंडू मिळाला तो दुसऱ्यांची गरज होती म्हणून. कर्णधारपद मात्र आम्ही खेळत नाही असे दोन भावांनी सांगितल्यावरच त्यांच्या घरात आले.